शिंगं रंगवली तो दिवस

रंगाचा वास आधी आला. अम्गरा म्हणजे कुवेतातली कारखान्यांची वस्ती, तिच्या हवेत तसे शंभर वास असतात. कापलेल्या पत्र्याचा, जळक्या रबराचा, डिझेलचा, तापलेल्या धुळीचा. त्या सगळ्यांना बाजूला सारून ताज्या एनॅमल पेंटचा वास आला आणि कंपनीच्या पिकअपमधून उतरता उतरता मी दार धरून तशीच उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, चक्कर आया क्या?" चक्कर नव्हती. त्या एका क्षणात मी सोळा वर्षांची झाले होते.

माझं काम तपासणीचं. आमच्या कंपनीला लागणारे शाफ्ट आणि फ्लँज अम्गरातल्या वर्कशॉपमधून करून घेतले जातात. मी मायक्रोमीटर घेऊन जाते, मोजते, पास करते, नाहीतर परत पाठवते. परत पाठवते तेव्हा लोक मला नावं ठेवतात. ठेवू देत.

"काय गो बाय, आज सकाळी सकाळी?" लेथच्या मागून इब्राहिमचाचांनी मान वर केली. हातात दोन इंची ब्रश, पांढऱ्या दाढीवर निळा ठिपका. चाचा दापोलीकडचे. माझ्या जन्माच्या आधीपासून कुवेतात टर्नर आहेत, लेथवर लोखंड कातणारे, आणि या वर्कशॉपमध्ये सगळ्यांत जुने.

"चाचा, हे काय चाललंय?"

"रंग. दिसत नाय? रविवारी पावणे येतायत."

पाहुणे म्हणजे काय ते मग कळलं. वर्कशॉपचे मालक रुमैथियात राहतात. आता थकलेत, आणि मुलांना लोखंडात रस नाही. एक मोठी कंपनी वर्कशॉप विकत घ्यायचा विचार करते आहे आणि रविवारी तिचा इंजिनिअर सगळं बघून यादी करणार आहे. मालकांनी फर्मान काढलं, चकाचक करा. इथं माणसं सात. चाचा, टूलला धार लावणारा अरबस्तानातल्या अदनचा सालेम, दोन तमीळ वेल्डर, एक नेपाळी फिटर आणि उचल-ठेव करणारे दोन बांगलादेशी, कमाल आणि रफीक. सातही जणांनी कालचा सुट्टीचा शुक्रवार घालवून आपणहून यंत्रं घासायला घेतली होती. छान दिसलं तर नवा मालक वर्कशॉप चालू ठेवील, माणसं ठेवील. नाहीतर वर्कशॉप गेलं की सातजणांचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, गेला. विमानाचं तिकीट आणि सलाम.

आणि चाचा ज्या लेथवर निळा रंग चढवत होते, त्याच्या खालचा शेवाळी रंग माझ्या घरचा होता.

हे कोडं नाही, सरळ सांगते. हे लेथ मला गेल्या हिवाळ्यात सापडलं. शाफ्ट मोजायला वाकले आणि हेडस्टॉकच्या, म्हणजे यंत्राच्या डोक्याच्या, मागच्या अंगाला एक छोटा खण दिसला. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे वाकवून वेल्ड केलेले, आत फ्लॅनेलची चिंधी. त्यात चाचांचा चष्मा. तो खण माझ्या वडिलांनी केला होता, मी सहावीत असताना. बाबांना चाळिशी लागली, चष्मा ते लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या लोखंडी पाटावर, ठेवायचे, आणि लोखंडाच्या भुग्यानं काचेवर रेघा पडायच्या. बाबा टर्नर पहिल्या प्रतीचे, पण वेल्डिंग त्यांना कधी जमलं नाही. तो सांधा वारुळासारखा फुगलेला. तसा सांधा जगात दुसरा नसेल.

"कोन तरी शाना मानूस होता बघ," चाचा तेव्हा म्हणाले होते. "पन वेल्डिंगात नापास."

"माझे वडील," मी म्हटलं.

चाचांनी चष्मा खणातून काढला, माझ्याकडे बघितलं, परत ठेवला. "मग आता भाडं द्यायला लागंल की काय?"

माझ्या मिरकाबच्या खोलीवर जाऊन मी बाबांना फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी आवाजातला निरोप आला, मागे कोंबडं आरवत होतं. "फोटो बघितला. बेडला तेल कमी दिसतंय. त्यांना सांग."

एवढंच.

घाटमाथ्यावरचा आमचा कारखाना सरकारी होता. यंत्रं बनवणारी यंत्रं तिथं बनत. सकाळी पावणेसातला भोंगा व्हायचा आणि त्या भोंग्यावर कॉलनीत दूध उतू जायचं, पोरींच्या वेण्या पडायच्या, सायकली अंगणातून निघायच्या. बाबांच्या कपड्यांना कूलंटचा वास होता. ते दुधासारखं पांढरं पाणी, लोखंड कापताना वरून सोडतात ते. आई ते कपडे वेगळे भिजवायची आणि कुरकुर करायची, पण बाबा चार दिवस गावाला गेले की तोच शर्ट खुंटीवर राहू द्यायची. मी बघितलंय. लोखंडाच्या निळ्या-जांभळ्या कुरळ्या बटा बाबा खिशातून घरी आणायचे. लेथवरून निघताना त्या इतक्या तापतात की त्यांना मोराच्या मानेचा रंग येतो. माझ्या कंपासपेटीत पेन्सिलींपेक्षा त्याच जास्त होत्या.

खंडेनवमीला बायकापोरांना कारखान्यात सोडत. वर्षातून एकच दिवस. शंभर यंत्रं, शंभर झेंडूच्या माळा, आणि सगळी बंद. ती शांतता मला अजून ऐकू येते. एरवी जिथे माणूस ओरडून बोलतो तिथे पेढ्याच्या कागदाचा आवाज. झेंडू आणि ग्रीस यांचा मिळून एक वास होतो, कडू आणि हिरवा, तो मी इथल्या कुठल्याही अत्तराच्या दुकानात मागितला तर मला हाकलून देतील. बाबा चकला, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या लेथच्या जबड्याला, हळद-कुंकू लावायचे आणि मला उचलून लेथचं चाक फिरवायला द्यायचे. "हळू. तिला झोप लागलीय," म्हणायचे. बाबांसाठी लेथ नेहमी 'ती'. आईला ते अजिबात आवडायचं नाही.

कॉलनीचं एक ग्राहक भांडार होतं. गोणपाट, रॉकेल आणि लाईफबॉय साबण असा त्याचा वास. साखरेच्या रांगेत मॅनेजरची बायको आणि शिपायाची बायको एका पाठोपाठ उभ्या असत. इथे कुवेतात प्रत्येक वस्तीला असंच सहकारी भांडार आहे, जमईया म्हणतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या पाटीवरचं 'सहकारी' वाचून मला भरूनच आलं होतं. मग कळलं की सभासद फक्त इथले नागरिक. आम्ही गिऱ्हाईक. टोमॅटो घ्या आणि निघा.

पण थांबा. मी कॉलनीचे गोडवे गायला बसलेली नाही. पुष्कळ लोक बसतात. व्हॉट्सॲपवर कॉलनीचा ग्रुप आहे, तिथे रोज कुणीतरी 'ते दिवस' म्हणून गुलमोहराचा फोटो टाकतं आणि मला मनस्ताप होतो. समाजवादी म्हणवणाऱ्या त्या कॉलनीत घरं चार प्रकारची होती. ए टाईपला बाग, बी टाईपला गॅलरी, सी टाईपला न्हाणीघर, आणि आम्ही डी टाईपवाले, ज्यांचं पाणी सगळ्यांत शेवटी यायचं. आमच्या नळातून आधी हवा यायची, फुस्स करून, आणि शेजारच्या मावशी म्हणायच्या, "आला गं, साहेबांचा उष्टा पाऊस." आणि या चार टाईपांच्या बाहेर, तारेच्या पलीकडे, कंत्राटी माणसं. ज्यांच्या जमिनीवर कारखाना उभा राहिला ती माणसं. ती आत येऊन लोखंडाचा भुगा झाडायची, ओझी उचलायची, आणि खंडेनवमीला त्यांना पेढा फाटकावर मिळायचा. मी हे तेव्हा बघत होते. मला ते दिसत नव्हतं. दोन्ही एकदम होऊ शकतं, विशेषतः माणूस सोळा वर्षांचा आणि क्रांतिकारक असेल तर.

क्रांतिकारक मला दळवीकाकांनी केलं. दळवीकाका युनियनचे सेक्रेटरी. रविवारी सकाळी त्यांच्या सी टाईपच्या बाहेरच्या खोलीत अभ्यासमंडळ भरायचं. भिंतीवर जगाचा नकाशा, मध्ये चिवड्याचं ताट. ज्या ज्या देशांनी आपल्यासारखेच सरकारी भोंगे लावले होते, आफ्रिकेतले, अरबस्तानातले, त्यांचं पुढं काय झालं ते काका बोटानं नकाशावर दाखवत. "आधी अडचण येते. मग कर्ज देणारे येतात. आणि कर्ज देणारे आले की पहिल्यांदा ते भाषा बदलतात. बंद म्हणत नाहीत, सुधारणा म्हणतात. काढलं म्हणत नाहीत, मोकळं केलं म्हणतात." त्या नकाशाला चिवड्याच्या तेलाचे डाग पडले होते. अदनवर एक मोठा होता.

पत्रक लिहायला त्यांनीच शिकवलं. "फाटकापाशी बस थांबते तिथून पंचिंगच्या खिडकीपर्यंत चाळीस पावलं. पत्रक चाळीस पावलांत वाचून झालं पाहिजे. एकेचाळिसाव्या पावलाला कामगार कार्ड पंच करतो आणि तुझं पत्रक खिशात जातं. मग त्यात तो तंबाखू बांधतो." मी घरापासून शाळेपर्यंत पुटपुटत, पावलं मोजत पत्रकं रचायची. आजसुद्धा माझं वाक्य लांबलं तर मला पंच केल्याचा आवाज येतो.

मग कारखान्याला अडचण आली. कशी, कुठून, ते सांगणारे अहवाल खूप आहेत, वाचा. मला आठवतं ते एवढंच की कॅन्टीनमधल्या उपम्यातली शेंगदाण्यांची संख्या कमी झाली. भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा तो एकदा व्हायला लागला. रस्त्यावरचे दिवे एकाआड एक लागू लागले आणि आम्ही पोरं अंधाराचे चौकोन उड्या मारून ओलांडायचो. आणि एक दिवस बातमी आली, दिल्लीहून साहेब येणार, कारखाना 'बघायला'.

तेव्हाचं पत्रक मी लिहिलं. काकांनी विश्वासानं दिलं होतं. आजही पाठ आहे. 'यंत्र आपलं, कारखाना आपला. साहेब येतील तेव्हा प्रत्येक यंत्रात त्यांना आपला चेहरा दिसला पाहिजे. कारखाना चालू शकतो हे यंत्रच बोलेल. पाहणीच्या वेळी प्रत्येकाने आपल्या यंत्रापासून दोन पावलं मागे, रांगेत, शिस्तीत उभं राहावं. कंत्राटी बांधवांनी त्या दिवशी बाहेर थांबून सहकार्य करावं.' सदतीस पावलं. काका म्हणाले, "पोरी, तीन पावलं वाचवलीस." मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

तो आठवडा दिवाळीसारखा होता. रॉकेलनं पुसलेली यंत्रं. रंगाचे डबे पुरेनात, म्हणून कॉलनीच्या दवाखान्याच्या भिंतींचा उरलेला हिरवा आणला, त्यात काळा घातला, आणि जो शेवाळी रंग झाला तो शॉपमधल्या सगळ्या यंत्रांना फासला. बायका चिंच घेऊन आल्या. भांडाराच्या मागच्या झाडाची चिंच, आणि चुलीतली राख. शंभर यंत्रांवरच्या शंभर पितळी पाट्या देवाच्या तांब्यासारख्या घासल्या. चिंचेचा आंबट वास आणि रंगाचा गोड वास. दोन वाजता शॉपच्या काचांतून ऊन आलं आणि सगळं लखलखलं. बाबा मागे सरकून बघत राहिले, कुणी नवरीकडे बघावं तसे.

भिवा पवार तारेपलीकडून बघत होता. कंत्राटी. त्याच्या बापाचं शेत म्हणजे आमच्या कारखान्याचा फाउंड्रीचा भाग.

"बेंदराला बैलांची शिंगं रंगवत्यात त्ये ठावं हाय," तो म्हणाला. "पर बेंदूर तर कवाच झाला. मंग ह्यो कुठल्या बाजाराचा रंग म्हनायचा?"

सगळे हसले. बाबा हसले. दळवीकाका म्हणाले, "भिवा, तुला त्यातलं काय कळतंय!" आणि मी, जिला नकाशावरचे सगळे देश पाठ होते, मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

साहेब आले. यंत्रं बोलली. यंत्रं इतकी छान बोलली की साहेबांनी प्रत्येक यंत्रापुढे 'उत्तम स्थितीत' असं लिहिलं. माणसं दोन पावलं मागे होती, म्हणून त्यांच्यापुढे काही लिहायचा प्रश्नच आला नाही. पावसाळा संपता संपता ट्रेलर लागले. एकेक यंत्र लिलावात गेलं, चांगल्या भावानं, कारण उत्तम स्थितीत होतं. आणि ती उचलायला मात्र कंत्राटी माणसांना आत बोलावलं. भिवा बाबांचं लेथ साखळदंडात घालत होता. बाबांपाशी आला तेव्हा तो हसू शकला असता. हसला नाही. म्हणाला, "आण्णा, त्यो चष्मा काढून घ्या त्यातला."

*

"चाचा, ब्रश खाली ठेवा," मी अम्गरात म्हटलं.

"का गो?"

मी सांगितलं. सगळं. बेंदूर म्हणजे काय ते सालेमला समजवायला वेळ लागला. त्यांच्याकडे उंट असतात. पण बाकीचं त्याला ताबडतोब कळलं. अदनला एके काळी लाल झेंड्याचं सरकार होतं आणि सरकारची कापडगिरणी. सालेम तिथे पोरवयात लागला होता. मोडक्या हिंदीत म्हणाला, "हमने खिड़की धोया था. पाँच सौ खिड़की." मग बोटानं हवेत एक चौकोन काढला आणि पुसला. दळवीकाकांच्या नकाशावरचा तो तेलाचा डाग माझ्यासमोर टूलला धार लावत बसला होता, आणि मला त्याच्याबद्दल इतका अभ्यास करूनही खिडक्यांचं माहीत नव्हतं.

चाचांनी मात्र ब्रश ठेवला नाही. "ऐक. तुझं सगळं बराबर. पन मी पावन्याला घान मशीन दाखवू? माझी काय इज्जत हाय का नाय?"

"मग रंगवा. पण एक करा. रविवारी कुणी मागे सरकायचं नाही. चकमध्ये काम लावलेलं पाहिजे, मशीन चालू पाहिजे, हात मशीनवर पाहिजेत. त्यानं यंत्र मोजायचं असेल तर माणसासकट मोजू दे."

"आनि तो बोलला बाजूला व्हा, तर?"

"चालू लेथ सोडून माणूस बाजूला होतो का, चाचा?"

चाचांनी दाढीवरचा निळा ठिपका खाजवला. "नाय. तो गुन्हा हाय."

"मग?"

"तू लई डांबरट हायस," चाचा म्हणाले, आणि पुन्हा रंगवायला लागले.

पत्रक काढलं नाही. इथे पत्रक काढलं तर लोकांच्या हाती पडायच्या आधी मी विमानात असेन. तोंडानं सांगितलं, सातजणांना, सात वेळा. चाळीस पावलांच्या आत.

रविवारी माझी तपासणी मी मुद्दाम सकाळची ठेवली. इंजिनिअर मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात यादी, आणि यंत्रांना चिकटवायच्या नंबरांची गुंडाळी. सोबत त्यांच्या कंपनीचा एक तरुण ऑपरेटर. वाईट माणूस नव्हता. सगळ्यांना सलाम केला, चहा घेतला, मग कॅमेरा काढून इंग्रजीत म्हणाला, "जरा मागे व्हा, फोटो घ्यायचाय."

कुणी हललं नाही. लेथ घरघरत होतं, पांढरं कूलंट पडत होतं, दोन वेल्डरांच्या ठिणग्या उडत होत्या. "चालू काम आहे, मुहंदिस," चाचा त्यांच्या बाजारू अरबीत त्या इंजिनिअरला म्हणाले. "सोडता येत नाही." फोटोत माणसं आली.

मग त्यानं त्या निळ्या लेथकडे बोट दाखवून आपल्या ऑपरेटरला एक लांब शाफ्ट कापायला सांगितला. पोरगा हुशार होता, दोष त्याचा नाही. शाफ्ट झाला, मी मोजला, आणि एका टोकाला तो बारीक निघाला. परत. मग चाचा उभे राहिले. चष्मा खणातून काढला, शाफ्टचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक केसभर सरकवला, टूलपाशी अंगठा टेकवला आणि काही ऐकत असल्यासारखी मान कलती केली. बेड कुठे किती झिजलाय ते बाबांच्या मनगटाला माहीत होतं, आता चाचांच्या आहे. ते यंत्रावर कुठेही लिहिलेलं नाही. शाफ्ट मोजला. पास.

इंजिनिअरनं माझा मायक्रोमीटर घेऊन स्वतः मोजला. दोनदा. मग यादीत लेथच्या नंबरापुढे काहीतरी लिहिलं आणि चाचांकडे ओळखपत्र मागितलं. म्हणाला, "हे मशीन घेऊ. पण याच्यासकट."

माणसाचं नाव यंत्राच्या रकान्यात! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण चाचा शांत. म्हणाले, "एकट्यानं नाही होत. टूलला धार हा लावतो." सालेमचं नाव गेलं. फिटरचं गेलं. दोन वेल्डरांचं गेलं. पाच. इंजिनिअरनं पेनाला टोपण लावलं.

"अजून दोघं आहेत," मी म्हटलं.

"ते लेबर. लेबर एजन्सीकडून मिळतं."

चाचांनी माझी बाही ओढली. मराठीत, दबक्या आवाजात, "बाय, पाच झाले. लई झाले. आता बस कर. तुझ्या पन पोटाचा इचार कर."

चाचा खोटं बोलत नव्हते. मी त्या वर्कशॉपची कुणी नव्हते. माझ्या कंपनीत एक फोन गेला असता, 'तुमची मुलगी आमच्या व्यवहारात नाक खुपसते', की माझाही इकामा सातजणांच्या रांगेत. पाच म्हणजे खरंच लई होते. पाचांवर थांबणं हे शहाणपण होतं, आणि त्या शहाणपणाचं पत्रक मी सोळाव्या वर्षी सदतीस पावलांत लिहून बसले होते.

"सात," मी म्हटलं. "माझी कंपनी इथलं गिऱ्हाईक आहे. आमचा माल इथून पास होतो तो सातजणांच्या हाताखालून जातो. पाचजणांचा माल मी अजून मोजलेला नाही. तो पास होईल असं मी आज लिहून देणार नाही."

"तुम्ही कोण बोलताय?"

"मोजणारी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग टोपण काढलं आणि वैतागून विचारलं, "ठीक. ट्रेड काय लिहू? हे दोघं करतात काय?"

चाचांनी तोंड उघडलं. मीही उघडलं. आणि दोघांनाही उत्तर येईना. दोन वर्षं मी तिथे जात होते. उचल-ठेव, एवढंच म्हणायची सवय.

कमाल पुढे आला. हात पँटला पुसले.

"सर, चक हम चढ़ाता है. अस्सी किलो का. इन सबका कमर खलास है, पूछो. आपने इधर क्रेन देखा? नहीं देखा ना? क्रेन हम है."

"आधा क्रेन मैं," रफीक मागून म्हणाला.

वेल्डर हसले, सालेम हसला, आणि इंजिनिअरनं हसू दाबायला यादी तोंडापुढे धरली. मग लिहिलं. रिगर, म्हणजे अवजड यंत्रं चढवणारे कारागीर, दोन.

यादी म्हणजे करार नव्हे, हे मला कळतं. सही व्हायची आहे, मालक बदलायचा आहे, आणि मोठ्या कंपन्यांना यादी हरवायची कला येते. हरवली तर पुन्हा लिहायला लावू. पहिल्यांदा लिहायला लावणंच अवघड असतं, ते झालंय.

इंजिनिअर चहाचा कागदी कप शोधत होता. कमालनं त्याच्या हातातून यादी हळूच घेतली, वर्कशॉपच्या दारात उजेडाला गेला आणि एकेक नाव मोठ्यानं वाचू लागला, यंत्रांच्या आवाजावरून ऐकू जाईल असं. प्रत्येक नावाला आतून कुणीतरी ओ दिली. सालेमनं धार लावता लावता, वेल्डरनं मुखवट्याच्या आतून, रफीकनं दोनदा. शेवटी राहिलं ते सगळ्यांत वरचं नाव, चाचांचं. कमालनं ते दोन वेळा पुकारलं. चाचा कट घेत होते, त्यांना मान वर करायला सवड नव्हती.

"हाय रे बाबा," ते ओरडले, "इथंच हाय!"